बर्फातला नवरदेव

बिबवेवाडी, ३ नोव्हेंबर २००३

चि. संभाजीस रंगनाथचे अनेक आशीर्वाद.

पहाटे जाग आली ती स्वप्नातल्या आबांच्या शिळेने. दोन बोटं ओठांत घालून ते खराडीच्या ज्वारीवर शीळ घालायचे आणि कणसांतून कुत्री अशी परत यायची, जशी वर्गात चालीवर म्हटलेली कविता धृपदावर येते. मला आबांनी शाळेत घातलं, तुला शीळ शिकवली. अजून हेवा वाटतो.

भावाभावांनी भांडायचं ते कागदावर, शेजाऱ्यांना ऐकू जाता कामा नये, हा त्यांचाच नियम. म्हणून फोन करत नाही. तुझ्या चंद्रा कुत्रीसाठी तू परदेशी सलूकी कुत्र्याचं गोठवलेलं वीर्य मागवलंस म्हणे. घरात माझा वारू असताना! आबांच्या कारवानी कुत्र्यांतली ही दोनच उरली. चंद्राला बाहेरचं बीज दिलंस की आबांची ओळ संपली.

वारूचे मागचे पाय लटके पडलेत, त्याला चढता येत नाही, मान्य. पण डॉक्टर ताजं वीर्य काढून लगेच नळीने सोडतात. ते मादीच्या पोटात काही दिवस तग धरतं; गोठवलेलं वितळलं की काही तासांचा सोबती. वारूला रिक्षात घालून तपासून आणलंय. सहजच. उत्तम आहे.

घरातल्या सर्वांस आशीर्वाद. रागावलास तरी लोभ कमी करू नये.

तुझा दादा

खराडी, ७ नोव्हेंबर

ती. दादा यांस संभाजीचा सा. न. वि. वि.

पत्र हिने, आनंदीने, वाचून दाखवलं, मधे दोनदा हसली. दादा, तुम्ही बंगल्यावर जळलात, गाडीवर जळलात, आता कुत्रीच्या सोयरिकीवर बी?

आम्ही कमी शिकलेले हाय, पण डॉक्टरांना सगळं विचारलंय. ताजं सोपं, पण नर शेजारी पाहिजे. थंड केलेलं बर्फाच्या डब्यातून येतं, एक-दोन दिवसांत वापरावं लागतं. साता समुद्रापलीकडून कसं जमायचं? गोठवलेलं नायट्रोजनच्या टाकीत वर्षानुवर्षं राहतं. फक्त चंद्राचं रक्त तपासून नेमका दिवस धरायचा आणि दुर्बिणीने थेट गर्भाशयात सोडायचं. पोट उघडूनही करतात, ते मी करू देणार नाही. आमच्या पोरानं, तेजसने, कंपनीतल्या कॉम्प्युटरवरून सगळं जुळवलं. गुरुवारी टाकी येतेय. तुमचा वारू आता म्हातारा झाला, दादा.

आणि शिळेचं म्हणता, तर आबा सायकलवरून शाळेत कुणाला सोडायचे? मी मागं पळायचो.

वहिनींस नमस्कार. माया ठेवा.

तुमचा संभा

बिबवेवाडी, १४ नोव्हेंबर

चि. संभाजीस अनेक आशीर्वाद.

काल तुझा बर्फातला नवरदेव आला असेल. वाजंत्री लावलीस का? वारू सकाळपासून जेवला नाही असं हिला सांगितलं. खरं तर मीच जेवलो नाही.

हो, जळतो. पिल्लं झाली की सगळी खराडी तुझ्या हिरवळीवर जमेल आणि मी इथे तिसऱ्या मजल्यावर वारूच्या पाठीवरून हात फिरवत बसेन. आबांच्या कवितेचं शेवटचं कडवं माझ्याच घरात म्हातारं होतंय. सायकलीचं खरं आहे. पण कॅरिअरवर बसून मी मागे वळून तुलाच पाहायचो. तू कुत्र्यांबरोबर पळायचास, आणि माझ्या मांडीवर दप्तर

थांब, दार वाजलं.

पुन्हा लिहितोय. दारात आनंदीबाई! आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून जिना चढल्या नव्हत्या. हातात चंद्राची साखळी, मागे धापा टाकणारे डॉक्टर. म्हणाल्या, दादा, इकडं भाजी घ्यायला आले होते, म्हटलं डोकवावं. खराडीहून बिबवेवाडीला भाजी, तीही कुत्री घेऊन! पिशवी कुठे आहे विचारलं, तशा हसल्या आणि खरं बोलल्या. नायट्रोजन उडून टाकी वाटेतच कोरडी पडली होती. वितळवून भिंगाखाली पाहिलं तर एकही हलेना. चंद्राचा दिवस उद्यापर्यंतच आहे. डॉक्टर म्हणतात, वारू तयार असेल तर आत्ता, इथेच मोरीत. तो तर चंद्राचा वास लागल्यापासून भुई हुंगतोय.

तू कुठे आहेस विचारलं, तर आनंदीबाई खिडकीकडे पाहायला लागल्या. तेवढ्यात खालून आबांची शीळ आली. वारू लटक्या पायांवर उभा राहिला.

हे पत्र तिकीट न लावता खाली पाठवतोय. संभा, गाडीच्या काचा वर कर आणि वर ये. लोभ असावा, आणि तो जिना चढून यावा.

तुझा दादा