इराक्लियाच्या धक्क्यावरचा दोर

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोरी चुकली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बोट पाठमोरी आमच्या बेटाच्या धक्क्याला लागत होती, तिचं मागचं दार अर्धं उघडलं होतं, वरून बारीक दोरी सुटली — आणि मला ती दिसलीच नाही. हात हवेत, दोरी पाण्यात. वरून आवाज आला, "डावीकडे! बाबा, डावीकडे!" दुसऱ्यांदा फेकली तेव्हा धरली. तिच्यामागचा जाड दोर ओढून खुंट्याला अडकवला. चार मिनिटं थांबून बोट गेली.

ओरडला तो झाखारिस. माझा मुलगा. सहा वर्षांत मला उद्देशून बोललेला हा त्याचा पहिला शब्द! आठवड्यातून तीनदा तो वरून दोरी फेकतो, मी खाली धरतो, बोलणं नाही. त्याची आई डबा देते, तो रिकामा डबा परत देतो, पण धक्क्यावर पाऊल टाकत नाही. कारण मला ठाऊक आहे. सरकार पैसे देऊन जुन्या मासेमारी होड्या मोडायला घेत होतं तेव्हा मीही माझी दिली. माझ्या वडिलांनी बांधलेली. बुलडोझरनं तिचे तुकडे केले त्या दिवशी तो रागानं घर सोडून पिरेयसच्या मोठ्या बंदरात गेला, या बोटीवर कामाला लागला. मला धक्क्यावरचं हे काम उरलं.

बुधवार, १२

आनेझाला सगळं कळलंय. बायकोपासून काय लपतं! "दोरी दिसत नाही, मग माझं तोंड तरी दिसतं का रे म्हाताऱ्या?" म्हटलं, ते बघून बघूनच डोळा गेला. पळी फेकून मारली. ती मात्र बरोबर दिसली.

मग रडली, आणि हाताला धरून बेटावरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. डावा लहानपणीच गळ लागून गेला, म्हणजे हाच एक. "पांडेलीकाका, आता थांबू नका." त्या पोरीनं स्वतः फोन लावून लावून पिरेयसच्या दवाखान्यात ऑपरेशनची वीस तारीख मिळवली. देव तिचं भलं करो.

डोळा गेला तर काम जाणार. आणि आठवड्यातून तीनदा पोराला बघणंही. हे आनेझाला बोललो नाही.

गुरुवार, १३

आज दोरी थेट छातीवर आली. अलगद, कुणी हातात कप द्यावा तशी. कॅप्टन वरून खेकसत असतानाही नेम धरत थांबला होता. घरी येईपर्यंत एकटाच हसत होतो.

शनिवार, १५

वारा. बोटी सोडायला बंदी. बोट नाही. मंगळवारपर्यंत पडला नाही तर वीस तारीख गेली!

सोमवार, १७

पडला! चर्चमध्ये मेणबत्ती लावली. आनेझानं दोन लावल्या — "तुझ्या एकीवर माझा भरवसा नाही."

पिरेयसला जाणारा म्हणजे गावाचा हमाल. दुपारपर्यंत दारात सात खोकी: चीज, अंडी, मध. प्रत्येकावर तिकडच्या नातेवाइकाचं नाव. निकितास बेकरीवाला म्हणतो, "वाचता आलं नाही तर वास घेऊन ओळख." मी नसताना दोरी तोच धरणार आहे. वात्रट आहे, पण न सांगता आला.

मंगळवार, १८

हिवाळ्यात दुसरी बोट कुठे? झाखारिसचीच. मी चढलो तेव्हा तो दोर ओढत होता, वर पाहिलं नाही. तासाभरानं समोर कॉफी ठेवली. "साखर नाही घातली." मी म्हणालो, "बरं." मूर्ख मी! होडीचं बोलायचं होतं, आणि कॉफी पीत बसलो.

पिरेयसला ट्रकांची झुंबड, मला काही सुधरेना. त्यानं एका हातानं माझं कोपर धरलं, दुसऱ्यानं खोकी उतरवली, नावं मोठ्यानं वाचून ज्याची त्याला दिली. कोपर शेवटपर्यंत सोडलं नाही. फार बरं वाटलं.

गुरुवार, २०

झालं. पट्टी आहे. अंदाजानं लिहितोय, ओळी एकमेकींवर चढल्या असतील.

शुक्रवार, २१

पट्टी निघाली. आधी नर्स दिसली, मग खिडकी, मग दारात झाखारिस. दोन दिवसांची रजा टाकून आलेला. पोराच्या दाढीत पांढरे केस! धक्क्यावरून ते कसे दिसणार? माझ्या डोळ्यात थेंब त्यानंच घातले, मोजून.

डॉक्टर, नर्स, फरशी पुसणारी बाई, सगळ्यांचे आभार मानत सुटलो. त्याचेच मानायचे राहिले. उद्या परतीच्या बोटीवर बोलणार. आभार मानायचे, होडीबद्दल माफी मागायची. मग तो काय म्हणेल ते म्हणो.

शनिवार, २२

डेकवर आम्ही दोघंच. मी तोंड उघडणार तोच तो खाली बघत म्हणाला, "बाबा, अजून रागावलायस का माझ्यावर? 'मी मासे धरणार नाही' असं मी म्हणालो नसतो, तर तू होडी मोडायला दिली नसतीस."

माझा राग! त्याच्यावर!

तो असं कधी म्हणाला होता, तेसुद्धा मला आठवत नाही.