चौदाव्या खांबाखालचा कातळ

मनीषनगर, नागपूर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ती. स्व. बापूजींच्या चरणी दामिनीचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र उमरेड बसच्या कंडक्टरकडे देते आहे. या वेळी कविता नको, उत्तर पाठवा.

पुलाच्या चौदाव्या खांबाचं बोअर कातळापर्यंत पोचलं, असं मशीनवाले म्हणतात. बहुतेक खांबांना तीन-तीन दिवस लागले, याला एकच. बोअर पाण्यानं भरलेलं, अन् वर काढलेला कातळाचा नमुना मात्र कोरडा ठणठणीत. बुधवारपर्यंत कातळ लागला तर मशीनवरच्या सहाही जणांना धान कापायला दहा दिवस सुट्टी, असं साहेबांनी कबूल केलंय. मशीनवर रुपराव असतो, भला माणूस. विचारलं तर म्हणाला, "लागला न कातळ, मॅडम. सही करा, आमाले जाऊ द्या." बुधवारी संध्याकाळी मी तपासणीच्या कागदावर सही केली की गुरुवारी काँक्रीट. खाली चिखल असेल तर सगळा पूल त्या चिखलावर. सही नाही केली तर साहेब पुरावा मागतील, तो माझ्याकडे नाही.

माया असू द्यावी.
आपली दामिनी

उमरेड, मंगळवार

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

सकाळपासून चौथीतली ओढ्याची कविता मनात घोळत होती. तुझं पत्र आलं अन् दुसरं कडवंच आठवेना.

पोरी, तुझी आजी वच्छला बाळंतपणाला माहेरी होती, तेव्हाची गोष्ट. ज्याच्या मागावरून लुगडं आधी उतरेल त्याला आधी घरी सोडीन, असं मालकानं सांगितलं होतं. माझ्या मागावर सात धागे तुटले. मी ते खळीनं चिकटवले. मालकानं विचारलं, तर तोंडावर खोटं बोललो. लुगडं पहिल्याच धुण्यात उसवलं अन् बोल लागला रंगाऱ्याला. मी काही चोर नव्हतो वं, मले बायकोजवळ जायचं होतं. मालकानं आधी 'जा' म्हटलं असतं अन् मग विचारलं असतं, तर मीच बोट ठेवून दाखवलं असतं.

सुट्टी आधी दे. मग विचार.

म्हाताऱ्यावर लोभ आहेच, तो सांभाळ.
बापूजी

नागपूर, बुधवार, सायंकाळ

ती. स्व. बापूजींना सा. न.

सकाळी साहेबांना न विचारता सहाही जणांच्या सुट्टीच्या चिठ्ठ्यांवर सही करून दिली. मग विचारलं. रुपरावनं चिठ्ठी खिशात घातली, पिशवी उचलली अन् निघून गेला. मला वाटलं, सुट्टीही गेली अन् खरंही गेलं. पाच वाजता साहेबांनी कागद पुढे सरकवला. पेन हातात होतं, तेवढ्यात रुपराव परत आला.

"मॅडम, चौदाव्यात मातीच हाय. नमुना दुसरीकडचा, मीच ठेवला."

साहेबांनी कागद मागे घेतला. उद्याचं काँक्रीट थांबलं. सुट्ट्यांबद्दल ते जे बोलले, ते इथे लिहीत नाही.

रुपरावला सोडायला फाटकापर्यंत गेले, तेव्हा तो नवव्या खांबाबद्दलही तेच बोलला. नववा उभा आहे, बापूजी. त्यावर माझी सही आहे. त्या दिवशी मला दिवाळीसाठी उमरेडची बस गाठायची होती, म्हणून नमुना हातात न घेताच केलेली.

कंडक्टर थांबलाय. त्याला म्हटलं, पाच मिनिटं थांब, आधी साहेबांना सांगून येते.

माझ्यावरचा जीव कमी होऊ देऊ नका.
दामिनी