सोळा दिवसांत सहा सामने

प्रति,
माननीय स्पर्धा सचिव,
महिला फुटबॉल लीग, दुसरी श्रेणी,
लीग कार्यालय, दुसरा मजला.

दिनांक : १९, शुक्रवार

विषय : संघाच्या निकालांतील घसरणीबाबत खुलासा, आणि उद्याचा सामना पुढे ढकलण्याबाबत.

संदर्भ : १) आपले दि. १८ चे खुलासा मागणारे पत्र.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज (दि. २९ गेल्या महिन्याचा व दि. ९ चालू महिन्याचा).

महोदय,

आपले पत्र काल दुपारी मिळाले. आमच्या संघाने हंगामाच्या पहिल्या आठ सामन्यांत एकही पराभव पत्करला नव्हता, आणि आता तोच संघ ओळीने तीन सामने हरला आहे. ही घसरण ‘अनाकलनीय’ असून खेळाडू जाणूनबुजून हरत असल्याचा संशय निरीक्षकांनी नोंदवला आहे, असे आपण कळवले आहे. दोन दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास संघाची नोंदणी रद्द होईल, आणि उद्या संघ मैदानात न उतरल्यास ती कबुली समजली जाईल, असेही पत्रात आहे. त्यास अनुसरून पुढील खुलासा सादर करते.

१. मी या संघाची फिजिओ आहे. अकरा वर्षे हे काम करते. त्याआधी नऊ वर्षे याच संघातून डाव्या बगलेवर बचावाला खेळत होते. खेळाडूंच्या पायांना हात लावून ते किती चालतील हे सांगणे, हे माझे काम. प्रशिक्षकांनी आपल्याकडे वेगळा खुलासा पाठवला आहे, त्यात त्यांनी नशिबाला दोष दिला आहे. माझा अर्ज स्वतंत्र पाठवू का, असे मी त्यांना विचारले. पाठवा, पण माझे नाव त्यात नको, असे ते म्हणाले. म्हणून त्यांचे नाव घातलेले नाही.

२. मैदानाच्या निचऱ्याच्या कामासाठी लीग सहा आठवडे बंद होती, हे आपणास ठाऊक आहेच. त्यानंतरच्या सुधारित वेळापत्रकात उरलेले नऊ सामने पंचवीस दिवसांत बसवण्यात आले. आम्ही दि. २, ५, ८, ११, १४ आणि १७ ला खेळलो. म्हणजे सोळा दिवसांत सहा सामने. पहिले दोन जिंकलो, तिसरा बरोबरीत सुटला, पुढचे तीन हरलो. या सहा सामन्यांत आमच्यावर अकरा गोल झाले. त्यांतले नऊ सत्तराव्या मिनिटानंतरचे आहेत. दि. ११ ला आम्ही सत्तराव्या मिनिटापर्यंत एका गोलने पुढे होतो, आणि तीन खाऊन परत आलो. ज्याला मुद्दाम हरायचे आहे तो सत्तर मिनिटे जीव तोडून कशाला खेळेल, याचा विचार निरीक्षकांनी करावा.

३. दोन सामन्यांच्या मध्ये दोन दिवस विश्रांती मिळते, असे आपल्या कार्यालयाचे म्हणणे आहे. ते दोन दिवस कसे जातात ते सांगते. आमच्या संघात पगारी खेळाडू एकही नाही. कर्णधार शहर बसवर कंडक्टर आहे, आठ तास उभी असते. गोलकीपर परिचारिका आहे. मधल्या फळीतली एक मुलगी पहाटे पाचला बेकरीत भट्टीपुढे उभी राहते. सामन्यासाठी त्यांना रजा लागते, आणि ती रजा भरून काढण्यासाठी मधल्या दिवशी दुप्पट पाळी करावी लागते. म्हणजे आपण ज्याला विश्रांती म्हणता तो त्यांचा सर्वांत दमवणारा दिवस असतो.

४. ही अडचण मी आजच पुढे करत आहे असे नाही. वेळापत्रक हातात पडले त्याच दिवशी पहिला अर्ज केला होता. वेळापत्रक अंतिम आहे, असे एका ओळीचे उत्तर आले. तिसऱ्या सामन्यानंतर दुसरा अर्ज घेऊन स्वतः खिडकीवर आले. तिथल्या कारकुनांनी मला बसायला खुर्ची दिली, नियमावली उघडून दाखवली. सामना पुढे ढकलण्याची कारणे त्यात दिली आहेत. पाऊस, पूर, वीज जाणे, मैदान खेळण्यास अयोग्य असणे. ते गृहस्थ भले होते. त्यांनी खरे तेच सांगितले : “ताई, मैदान खराब झालं तर सामना पुढे जातो. माणूस खराब झालं तर तशी तरतूद नाही.” अर्ज त्यांनी ठेवून घेतला, पण थकव्याचा पुरावा जोडा, असे वर पेन्सिलीने लिहून दिले. तेव्हापासून पुरावा म्हणजे काय आणावे, हाच विचार डोक्यात आहे. आज तो जोडत आहे. त्यामुळे माझे काय होईल याची मला कल्पना आहे.

५. त्याआधी, निरीक्षकांनी नोंदवलेल्या तीन संशयास्पद घटनांबद्दल.

(अ) दि. ११ ला तिसऱ्या गोलच्या वेळी गोलकीपर जागची हललीच नाही. हे खरे आहे. ती सकाळी वॉर्डातून सुटून थेट मैदानावर आली होती. सामन्यानंतर तिच्या घोट्यांना बर्फ लावताना मी तिला विचारले. ती म्हणाली, बॉल स्पष्ट दिसला, कुठे जाणार तेही कळले, पण उडी मारायला सांगायचे आणि उडी पडायची यांत जे अंतर असते ते त्या दिवशी फार लांब झाले होते. हिने त्याआधीच्या आठ सामन्यांत मिळून चार गोल खाल्ले आहेत.

(आ) दि. १७ ला कर्णधाराने दोनदा चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्यांना दिला, त्यातून दोन गोल झाले. आम्ही नेहमी पांढऱ्या जर्सीत खेळतो. त्या दिवशी पांढरा सेट वाळला नव्हता, म्हणून निळा घातला, आणि समोरचा संघ पांढऱ्यात होता. कर्णधाराने पांढरी जर्सी पाहिली आणि पास दिला. दुसऱ्यांदाही तेच केले. मध्यंतरात ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच विचारले, आज आपण कुठल्या रंगात आहोत? मी तिच्या अंगातली जर्सी चिमटीत धरून तिला दाखवली. हा प्रसंग हसण्यासारखा आहे. आम्ही दोघी हसलो नाही.

(इ) दि. १४ ला अडुसष्टाव्या मिनिटाला मधल्या फळीतली खेळाडू ‘प्रतिस्पर्ध्याचा स्पर्शही न होता मैदानावर आडवी झाली’, असे नोंदवले आहे. ही बेकरीतली मुलगी. संघात तिला घड्याळ म्हणतात, कारण ती नव्वद मिनिटे एका चालीने पळते. ती माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे. नाते लपवून खुलासा करणे बरे नाही, म्हणून लिहिले. मांडीमागचा स्नायू फाटतो तेव्हा कोणी धक्का द्यावा लागत नाही. तो आपला आपण फाटतो. बदली खेळाडू तोवर संपल्या होत्या. पुढची बावीस मिनिटे आम्ही दहा जणींनी काढली आणि दोन गोल खाल्ले. डॉक्टरांनी तिला चार महिने पळायला मनाई केली आहे. अहवाल जोडला आहे.

६. आता पुराव्याकडे येते. सामन्याच्या आदल्या दिवशी पाच वाजेपर्यंत प्रत्येक खेळाडूचा तंदुरुस्तीचा दाखला आपल्या खिडकीवर द्यावा लागतो, आणि त्यावर संघाच्या फिजिओची सही लागते. आपल्याकडे सर्व खेळाडूंचे ‘तंदुरुस्त’ असे दाखले आहेत. त्यामुळे खेळाडू तंदुरुस्त असूनही हरत आहेत, म्हणजे मुद्दाम हरत आहेत, असा अर्थ निघतो. कागद पाहिला तर निरीक्षकांचे काही चुकलेले नाही.

ते दाखले चुकीचे आहेत. दि. ८ च्या सामन्यासाठी दोन, ११ साठी चार, १४ साठी सहा आणि १७ साठी सात, असे एकोणीस दाखले मी खोटे आहेत हे माहीत असताना सही करून दिले. माझ्याकडे एक वही आहे. तीत प्रत्येकीची सकाळची नाडी, झोपेचे तास, आणि पोटऱ्या व मांड्या हाताला कशा लागल्या ते रोज लिहिते. दाखल्यात जे लिहिले ते वहीत नाही. आजवर ही वही मी कोणाला दाखवली नव्हती. मूळ वही सोबत देत आहे, नक्कल ठेवलेली नाही.

७. सही का केली, असे आपण विचाराल. पहिल्या दोन क्रमांकांचे संघ वरच्या श्रेणीत जातात, तिथे खेळाडूंना पगारी करार मिळतो. आम्ही दुसरे होतो. दि. १३ ला दुपारी भाचीची मांडी तपासली. एरवी तिची नाडी छप्पन असते, त्या दिवशी चौऱ्याहत्तर होती, आणि मांडीमागचा स्नायू ताणलेल्या दोरीसारखा कडक होता. मी दाखल्यावर पेन ठेवून थांबले. ती म्हणाली, “मावशी, तू सही कर, मी पळते. आणखी पाच सामने. मग मला भट्टीपुढे उभं राहायला नको.” मी पेन खाली ठेवले आणि पुन्हा उचलले. फॉर्मवर दोनच चौकटी आहेत, तंदुरुस्त आणि अतंदुरुस्त. मी पहिल्या चौकटीत खूण केली. फॉर्मला दोष देत नाही. दुसरी चौकट होती.

माझी बहीण आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. दवाखान्यातून मुलीला आणले तेव्हा मी बहिणीच्या मागून जिना चढत होते. ती मध्येच थांबली आणि मागे न वळता म्हणाली, “तू हात लावून सांगतेस ना सगळ्यांना? मग तेव्हा हाताला कळलं नव्हतं?” हाताला कळले होते. पाच दिवस झाले, ती माझ्याशी बोललेली नाही. मुलगी बोलते. बोलताना ती मलाच समजावते, त्याचा त्रास जास्त होतो. या पाच दिवसांत मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसले की उठते, बर्फाच्या पिशव्या भरून ठेवते, पुन्हा रिकाम्या करते, घडी घातलेले टॉवेल परत उलगडते. आपले पत्र आले तेव्हा, खरे सांगते, थोडे बरे वाटले. विचारणारे कोणीतरी आले.

८. उद्याच्या सामन्यासाठी आज सकाळी अकरा वाजता मी उरलेल्या चौदा जणींना बोलावले. सगळ्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या. कपडे बदलण्याच्या खोलीत प्रत्येकीला बाकावर झोपवून नीट तपासले. आज जे हाताला लागेल तेच लिहीन, हे आधीच सांगितले. कोणी वाद घातला नाही. तेरा जणी झाल्या तेव्हा ‘तंदुरुस्त’ दाखले सहा झाले होते. सामना सुरू करायला सात खेळाडू लागतात, हे त्या खोलीत सगळ्यांना तोंडपाठ आहे.

शेवटची कर्णधार होती. तिची उजवी पोटरी तीन ठिकाणी गाठाळली आहे. अंगठा दाबला की पाय आपोआप मागे ओढला जात होता आणि ती तो दोन्ही हातांनी धरून ठेवत होती, मला दिसू नये म्हणून. सातवा दाखला दिला तर संघ उतरेल, नोंदणी वाचेल. न दिला तर आपल्या पत्राप्रमाणे ती मुद्दाम हरल्याची कबुली ठरेल. तिने एवढेच म्हटले, “ताई, एकच सही.” गोलकीपर भिंतीकडे पाहत होती.

मी दुसऱ्या चौकटीत खूण केली आणि दाखला तिच्या हातात दिला. तिने तो वाचला. ती माझ्यावर चिडेल असे वाटले होते. अकरा वर्षांत ती माझ्यावर चिडलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

९. सबब विनंती अशी की, उद्या दि. २० चा सामना निदान चार दिवस पुढे न्यावा आणि उरलेल्या तीन सामन्यांत प्रत्येकी पाच दिवसांचे अंतर ठेवावे. तसे करता येत नसेल, तर आमचा सामना सोडला असे समजून गुण काढून घ्यावेत, पण ती कबुली समजू नये. कबुली द्यायची ती मी वर दिली आहे. माझा परवाना रद्द करायचा असल्यास माझी हरकत नाही, सुनावणीचीही गरज नाही. या मुलींनी एकही सामना सोडून दिलेला नाही. दाखले खोटे होते, खेळ खरा होता, एवढी एक ओळ तरी आपल्या नोंदवहीत यावी.

दुपारचे पावणेतीन झाले आहेत. हा अर्ज मी कपडे बदलण्याच्या खोलीतच, इस्त्रीच्या टेबलावर लिहिला. दाखला वाचून झाल्यावर कर्णधाराने तो घडी करून खिशात ठेवला, बूट काढले, आणि त्याच बाकावर आडवी झाली. मग एकेक करून बाकीच्याही झोपल्या, कोणी टॉवेलवर, कोणी दप्तर डोक्याखाली घेऊन. चौदाच्या चौदा झोपल्या आहेत. अर्ध्या दिवसाची रजा अजून दीड तास उरली आहे. मी दार हळू ओढून घेते आणि अर्ज घेऊन आपल्या खिडकीवर येते.

पोच मिळावी.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
संघाची फिजिओ

सोबत :
१) नोंदींची मूळ वही, एक.
२) चुकीच्या एकोणीस दाखल्यांची यादी, तारखांसह.
३) मधल्या फळीतील खेळाडूच्या दुखापतीचा डॉक्टरांचा अहवाल.
४) दि. २० च्या सामन्यासाठीचे दाखले, चौदा. पैकी तंदुरुस्त सहा. कर्णधाराचा दाखला तिच्या खिशात असल्याने त्याची दुसरी प्रत जोडली आहे.