अपिलाची मुदत

धाकट्या,

काल निकाल लागला आणि मी जिंकले. तू माझ्याकडून उसने घेतलेले पैसे व्याजासकट परत करायचे, असा हुकूम झाला. वकिलांनी अभिनंदन केलं. घरी आले, पण शिलाई मशीनचं झाकणही उघडावंसं वाटलं नाही.

चार वर्षं आपण कोर्टातल्या एकाच बाकावर बसलो. तू तोंडातून शब्द काढायचा नाहीस, पण माझा गुडघा दुखतो म्हणून कडेची जागा न चुकता सोडायचास. मेल्या, निम्म्या तारखा मीच खोटं आजारपण सांगून पुढे ढकलल्या. घरात माझ्याशी भांडायलासुद्धा कुणी नाही रे.

अपिलाला महिनाभराची मुदत आहे म्हणे. कर ना अपील.

तुझी ताई
(वादी)