बिनगिअरची चकरी

१ डिसेंबर, सकाळी ६.३०
आजपासून रोजनिशी. रोज, न चुकता.
काल कय्युमभाईच्या पंखे-मोटार दुरुस्तीच्या दुकानात, भंगाराच्या ढिगात एक वस्तू दिसली. पितळेची, बशीएवढी, मध्ये एक खीळ आणि तिच्यावर मोकळी फिरणारी चकरी. कय्युम म्हणाला, आप्पा, आठ वर्षं झाले पडून हाय, कशाची हाय कुणालाच सांगता येईना. मी एका नजरेत ओळखली. सेंटरपिन रीळ! मासे धरायची, जुन्या काळची. हिला गिअर नाही, ब्रेक नाही. ब्रेक म्हणजे माणसाचा अंगठा. चाळीस वर्षांच्या वाचनाचा उपयोग असा अचानक होतो.
संकल्प: महिन्याभरात या विद्येत प्रवीण होणे.

३ डिसेंबर
वाचनालयात माझं भाषण. विषय ‘स्वावलंबन’. ओघात रिळाचा दाखला दिला. माणूस आणि मासा यांच्यामध्ये गिअर नको, दलाल नको, असं म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. मग आणखी एक वाक्य आपोआप बाहेर आलं. २५ जानेवारीपर्यंत या रिळावर स्वतः मासा धरून दाखवीन, नाही तर वर्षभर चार माणसं जमतील तिथं तोंड उघडणार नाही!
मागच्या रांगेतून कय्युम उठला आणि म्हणाला, आप्पा, लिहून घिऊ का? म्हणालो, बेधडक घे. त्यानं दुकानाच्या पावतीच्या पाठीमागं लिहिलं, माझी सही घेतली.
२६ जानेवारीला चौकात झेंड्यापुढं बावीस वर्षं मीच बोलतो आहे. तेव्हा हरण्याचा प्रश्न येत नाही.

४ डिसेंबर
घरात असंतोष. पत्नी शांतादेवी म्हणाली, गळ्यात लिंग अन् हातात गळ? आपल्या घरात कधी अंड्याचं टरफल आलं न्हाई. मी शांतपणे समजावलं की आपण मासा खाणार नाही, मारणारही नाही. गळाचा उलटा काटा कय्युमनं घासून टाकला आहे. धरायचा, पाहायचा, सोडून द्यायचा. ती म्हणाली, सोडायचाच हाय तर धरता कावून?
चर्चा वैचारिक पातळीवर न्यायची तिची तयारी दिसली नाही.

८ डिसेंबर, संध्याकाळी
गच्चीवर फेकीचा सराव. पद्धत तोंडपाठ आहे. डाव्या हातानं दोरा ओढून चकरी गरगर फिरवायची, त्याच वेळी काठी पुढं झोकायची आणि दोऱ्याला बांधलेलं तरंगतं बूच खाली टेकताच अंगठ्यानं चकरी थांबवायची. अंगठा उशिरा पडला तर बूच थांबतं, पण चकरी दोरा ओकत राहते आणि सुगरणीचा खोपा तयार होतो. आज असे नऊ खोपे झाले. सोडवायला दीड तास.
फेक १: पाण्याची टाकी. फेक २: माझी स्वतःची कॉलर. फेक ३: शेजारच्या हजराबींच्या दोरीवरची ओढणी. अंतर सुमारे चाळीस फूट. नवशिक्याला हे अंतर जमत नाही.
हजराबी म्हणाल्या, आप्पा, ओढणी पायजे असली तर मागून न्या की, गळ कावून टाकताव?

१४ डिसेंबर
प्रथमच गोदावरीवर. पात्र रुंद, पाणी संथ. वाळूवाल्यांनी केलेल्या डोहांत मासे आहेत, हे अभ्यासानं सिद्ध केलं. या रिळाची खरी मजा अशी की प्रवाह बूच वाहून नेतो आणि चकरी आपोआप फिरत दोरा सोडत जाते. पण आज प्रवाह नव्हता. बूच टाकलं तिथंच उभं राहिलं, दोन तास. म्हणून काठी धरून मीच काठाकाठानं चालत गेलो. तत्त्व एकच, प्रवाहाऐवजी माणूस.
कय्युम सोबत होता. म्हणाला, लोक कुत्रं फिरवतेत, तुमी बूच फिरवायलाव.

१९ डिसेंबर
घाटनांदूरला व्याख्यान. विषय ‘मौनाचे सामर्थ्य’. आयोजकांनी एक तास दिला होता, दोन तास दहा मिनिटं बोललो. कोणी उठलं नाही. (गेट बंद होतं, असं नंतर कळलं. त्याचा संबंध नाही.)
सराव नाही. मनातल्या मनात केला.

२७ डिसेंबर
आमिषाचा प्रश्न. कय्युमच्या मते गांडूळ. मी ठाम नकार दिला. एका जिवाला फसवण्यासाठी दुसऱ्या जिवाचा वापर म्हणजे आजवरच्या सगळ्या अन्यायांचं मूळ. या मुद्द्यावर दुकानातच वीस मिनिटं बोललो. दोन गिऱ्हाइकं पंखे न घेता गेली.
निर्णय: कणकेचा गोळा, हिंग लावून. मळणार शांतादेवी. ती म्हणाली, तुमच्यासाठी न्हाई, माशासाठी मळते, तो तरी गप बसून खातो.

४ जानेवारी
धरणाच्या उजव्या कालव्याला पाणी सुटलं! शेतकऱ्यांना रब्बीसाठी, मला रिळासाठी.
कय्युमनं बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल घातलं. पंख्याला घालतो तसंच. फुंकर मारली तरी चकरी फिरते. बूच पाण्यात सोडलं आणि प्रवाहानं ते ओढून नेलं. चकरी फिरत राहिली, आवाज नाही, धक्का नाही. अंगठ्याखाली सगळा कालवा हलताना कळत होता. मी अर्धा मिनिट काहीच बोललो नाही. कय्युम घाबरून म्हणाला, आप्पा, बरं हाय ना?
मग अनुभव शब्दांत मांडायला लागलो आणि खोपा झाला.
कय्युमचं निरीक्षण असं: तुमी बोलाया लागले की हात हलते, हात हलला की अंगठा सुटतो. मी म्हणालो, हात न हलवता बोलणं म्हणजे टपाल वाचणं. शिवाय मासे हातांकडे बघत नसतात.

१५ जानेवारी
संक्रांतीचा तिळगूळ काल वाटून झाला, आज उपाय योजला. तोंडात लवंग धरून बसायचं, लवंग आहे तोवर बोलायचं नाही. पहिली लवंग अकरा मिनिटं टिकली. दुसरी गिळली. तिसरी कय्युमला देशी मसाल्यांचं महत्त्व सांगताना कालव्यात पडली.
दोनदा बूच बुडालं. दोन्ही वेळी मी वाक्याच्या मध्यावर होतो. वाक्य अर्धवट टाकणं माझ्या स्वभावात नाही.
संकल्प: उद्यापासून छोटी वाक्यं.

२४ जानेवारी
नऊ दिवस सराव झाला नाही. कारण रास्त आहे: २६ तारखेचं भाषण लिहीत होतो. चौदा पानं झाली. सुरुवात अशी, ‘कालच्या माशानं मला काय शिकवलं’. आता मासा तेवढा राहिला आहे.
शांतादेवीला पहिली चार पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, मासा न्हाई भेटला तर? मी हसलो. मग रात्रभर झोप लागली नाही. ऊस फार खाल्ला होता.

२५ जानेवारी, रात्री
वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो, कारण उद्या लोक काहीही सांगतील.
कालव्यावर चाळीसेक माणसं जमली. शांतादेवी कणकेचा डबा घेऊन आली होती, तोंड दुसरीकडं करून उभी. मी फेक केली. उत्तम पडली. बूच वाहू लागलं, अंगठा जागेवर, तोंड बंद. सहा मिनिटं. एवढ्यात गर्दीतल्या भागवत सराफानं विचारलं, आप्पा, याला गिअर कावून न्हाई?
प्रश्न रास्त होता. उत्तर देणं कर्तव्य होतं. गिअर म्हणजे परावलंबन, इथून सुरुवात केली. स्वातंत्र्य या शब्दापर्यंत आलो आणि तो शब्द मी दोन्ही हात वर केल्याशिवाय आजवर उच्चारलेला नाही. त्याच क्षणी बूच बुडालं. काठी कालव्याच्या उतारावरून पाण्याकडं घसरत निघाली.
शांतादेवीनं तिच्यावर पाय दिला. मग काठी उचलली. चकरी वेड्यासारखी फिरत होती. तिनं तळहात चकरीच्या कडेला लावला, थोडा दाबला, थोडा सोडला, जसा आडात पोहरा सोडताना रहाटाला लावतात तसा. कडा या गावी, माहेरी, तिनं लग्नापर्यंत आडाचंच पाणी ओढलं. ही गोष्ट तिनं मला गेल्या दोन महिन्यांत एकदाही सांगितली नाही. (कय्युम म्हणतो, तुमी कधी सांगू दिलं?)
चिलापी निघाली, पंज्याएवढी. शांतादेवीनं डोळे मिटून, पदरानं धरून ती सोडून दिली आणि म्हणाली, आता डोक्यावरनं आंघोळ.
कय्युमनं पावती काढली, मोठ्यानं वाचली. निकाल दिला: चकरी तीच, मासा खरा, पण हात भाबीचा. लोकांनी शांतादेवीच्या नावानं शिट्ट्या मारल्या.
मार्गदर्शन माझं होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी सांगणार होतो, पण तिथं चारपेक्षा जास्त माणसं होती.

२६ जानेवारी
झेंडावंदन. चौदा पानं खिशात. मंडळानं माइक शांतादेवीच्या हातात दिला, कालची विजेती म्हणून. ती म्हणाली, झेंडा फडकला, बरं वाटलं. लेकरं सकाळपासून उभी हायेत. आता बुंदी वाटा.
भाषण अकरा सेकंद. टाळ्या मी मोजल्या नाहीत. साधारण पाऊण मिनिट.

२९ जानेवारी, दुपारी
सकाळी एकटाच कालव्यावर गेलो. बोलायला कोणी नव्हतं. अंगठा चकरीवर. दोन तास गेल्याचं कळलं नाही.
मासा लागला. रोहू. कोपरापासून बोटांपर्यंत आणि वर चार बोटं. सावकाश आणला, पाहिला. त्यानंही मला पाहिलं. सोडला.
तडक कय्युमच्या दुकानी. तिथं चार जण चहा पीत बसले होते. वाट पाहिली. एक उठला, दोन आले. अर्ध्या तासानं राहवेना म्हणून दोन्ही हात फाकवून लांबी दाखवली. कय्युमनं हातांमधलं अंतर नीट पाहिलं, आत गेला आणि छताच्या पंख्याचं पातं घेऊन आला. म्हणाला, आप्पा, या मापाचं एकच हाय, घिऊन जा.
घरी आलो. निदान शांतादेवीला सांगू म्हटलं. बैठकीत सात बायका बसल्या होत्या, तिला हळदीकुंकवाला दोन शब्द बोलायला बोलवायला.
पातं कोपऱ्यात उभं केलं. आमच्याकडं सगळे टेबलफॅन आहेत.