पातळ झालेलं जेल

३ सप्टें., तुंगार्ली
कोरफडीचं जेल बाटल्यांत पातळ झालंय. भाड्याच्या बंगल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांना ‘नो केमिकल’ म्हणून विकते, त्यांना हे ओघळणारं कसं देणार? सगळं परत भांड्यात ओतून वर आणखी ग्वार गम, गवारीच्या बियांचा डिंक, घातला, मिक्सर फिरवला. गुठळ्या झाल्या मेल्या, पण झालं दाट. चालतं बाई डोकं माझं.

६ सप्टें.
परंदवडीला मावशीकडे. शुगर, त्यात टाचेला खोल भेग. एक बाटली दिली. “लय थंड वाटतंय गं.” लगेच शेजारणीला दाखवून आली, माझ्या भाचीनं केलंय म्हणून. मीही फुगले जरा.

११ सप्टें.
परत पातळ! वासही कुबट. मंजूला फोन केला. कॉलेजातली मैत्रीण, क्रीमच्या कारखान्यात लॅबला असते.
“प्रिझर्व्हेटिव्ह काय घातलंस?”
“काहीच नाही. म्हणून तर घेतात लोक.”
“अगं, गम जंतू खातात. म्हणून पातळ होत असणार ते. आणि तू त्यांना वरून आणखी खायला घातलंस. फेक सगळं. कुणाला दिलंयस?”
गिऱ्हाइकांना फोन केले, वापरू नका म्हटलं. मावशी फोन उचलत नाही. भेग उघडी आहे तिची. देवा, उघडी आहे.

१२ सप्टें.
सकाळीच परंदवडी. पाय लालबुंद, सुजलेला, भेगेतून पू. अंगात ताप. “तुजं जेल लावतीय की दोन्ही येळेला. व्हईल बरं.” मला रडूच फुटलं. रिक्षा करून दवाखान्यात आणलं.

दुपार. डॉक्टरांनी विचारलं, “जखमेला काय लावत होतात?” मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, “काय न्हाई. खोबरेल.” आणि चादरीखालून माझा हात दाबला. कशानं चिघळलं ते कळलं तर औषध नेमकं देता येईल, म्हणाले. उतार पडला नाही तर पाय...
ते गेल्यावर मावशी म्हणाली, “तू बोलू नगंस. धंदा बुडंल तुजा.”
मला भीती तिच्या पायाची जास्त वाटतेय की माझी? शी. हे लिहायलाही लाज वाटते.

बाहेर बाकावर बसलेय. सांगायलाच हवं. डॉक्टर पलीकडच्या खोलीतून निघाले की उठायचं, पक्कं.

निघाले. जिन्याकडे वळले. मी अजून बाकावरच. मावशी आतून हाका मारतेय, “कुटं गेलीस गं? हितं बस माज्यापाशी.”