पुढच्या खोलीची अट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, अग्निशमन दलातील दिवंगत बंबचालकाची पत्नी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी तसे तपासून खाली सही केली आहे. मला कोणी शिकवलेले नाही. तसे धाडस करणारा माणूस अजून भेटायचा आहे.

१. माझे राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. धाकट्या दिरांचा त्यावर काडीचाही हक्क नाही. गोदामाच्या आगीत भिंत कोसळून हे गेले, तेव्हा मुलीच्या मणक्याची एक शस्त्रक्रिया झाली होती, दुसरी व्हायची होती. रुग्णालयाने सांगितले, विम्याचे कार्ड बंद झाले. मी नगरपालिकेच्या कार्यालयात गेले. अधिकारी म्हणाले, "विमा कर्मचाऱ्याचा असतो, बाई. कर्मचारीच राहिला नाही."

"तो तुमच्याच कामावर गेला ना?" मी विचारले. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आले तर दीर म्हणाले, "वहिनी, सरकारशी भांडून काय मिळणार? घर विका, मी गिऱ्हाईक बघतो." ते गिऱ्हाईक म्हणजे त्यांचाच मेहुणा होता. जास्त लिहीत नाही. त्यांच्या सुना हे वाचतील.

२. शिलाई मशीन, कात्र्या आणि इस्त्री माझ्या हाताखाली शिकलेल्या शेजारच्या सुनेला द्यावी. मशीनला तेल घालायचा तिला कंटाळा आहे, तो तिने सोडावा.

३. दागिने नाहीत. ते दुसऱ्या शस्त्रक्रियेत गेले. जमवाजमव होईपर्यंत उशीर झाला आणि मुलीचा डावा पाय कायमचा अधू राहिला. त्यानंतर मी गप्प बसले नाही. सफाई कामगाराची बायको, पाणीखात्यातल्या मिस्त्रीची आई, अशा आम्ही माझ्या पुढच्या खोलीत जमू लागलो. नगरसेवकांच्या प्रत्येक सभेला सभागृहाच्या दारात जाऊन बसलो. शेवटी ठराव झाला : कर्मचारी गेला तरी कुटुंबाचा विमा चालू राहील. पुढे ते अधिकारी वारले, तेव्हा त्यांच्या पत्नीलाही तो मिळाला. त्या सांगायला आल्या, मी चहा केला. त्या अधिकाऱ्यांविषयी माझ्या मनात आता काही नाही. दिरांविषयी आहे.

४. हा ठराव कायमचा नाही. ठरावीक काळाने तो पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि दर वेळी कोणीतरी खर्चाचे निमित्त काढून तो गाळायला बघते. म्हणून घराला अट घालत आहे. पुढची खोली भाड्याने देऊ नये. कामावरचा माणूस गमावलेल्या कुटुंबांसाठी ती उघडी ठेवावी, आणि ठराव पुन्हा येईल तेव्हा मुलीने स्वतः सभेला जावे.

हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "आई, मला त्या विम्याचा काही उपयोगच झाला नाही. मी जाऊन काय सांगू?"

मी तिला जे सांगितले, तेच इथे लिहिते. काही सांगू नकोस. सभागृह वरच्या मजल्यावर आहे. नगरसेवक वर जात असतील तेव्हा त्यांच्याबरोबर जिना चढ.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ मार्च २०२३

लिहून ठेवणार : (सही) बंबचालकाची पत्नी, शिवणकाम करणारी

साक्षीदार :
१. (सही) तपासणारे डॉक्टर
२. (सही) बंबावर ह्यांच्या शेजारी बसणारे फायरमन, आता निवृत्त